बेनेडिक्टाईन मठाच्या यात्रेला निघताना: कोकणातल्या यात्रेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वसईचा, सासुरवाडी वेंगुर्ल्याची. गेली काही वर्षं दोन्हीकडची मिळून दहाबारा माणसं गोळा होतात आणि आम्ही दक्षिणेतल्या एखाद्या बेनेडिक्टाईन मठात चार दिवस राहून येतो. निघायच्या महिनाभर आधीपासून फोन वाजायला लागतात. माणसं बदलतात, प्रश्न तेच असतात. तीच उत्तरं दर वेळी नव्यानं देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेली बरी.

बेनेडिक्टाईन मठ म्हणजे काय? आपल्या चर्चपेक्षा वेगळं काय असतं?

चर्चमध्ये गाव येतं, मिस्सा (कॅथलिकांची सामुदायिक उपासना) ऐकतं आणि घरी जातं. मठातल्या माणसांना घरी जायचं नसतं, मठच त्यांचं घर असतो.

संत बेनेडिक्ट साधारण ४८० साली इटलीतल्या नुर्सिया गावी जन्मले. शिकायला रोमला गेले, तिथल्या रीतीभाती बघून विटले आणि सुबियाकोच्या डोंगरातल्या एका गुहेत तीन वर्षं एकटे राहिले. पुढे साधारण ५२९ साली त्यांनी माँते कासिनोच्या डोंगरावर मठ उभारला आणि मठात राहणाऱ्यांसाठी एक नियमावली लिहिली. प्रस्तावना आणि ७३ प्रकरणं, एवढीच. एका दुपारी वाचून होते. तिचा पहिला शब्द आहे 'ऐक'. मला वाटलं होतं आत सगळं अध्यात्म असेल. आहे तेही, पण त्याच्याबरोबर झोपायचं कसं, जेवायला किती वाढायचं, उशिरा येणाऱ्याला कुठे उभं करायचं, मठाची कुदळ-फावडी कोणी मोजून ठेवायची हेही आहे. कोठार सांभाळणाऱ्यानं मठाची भांडीकुंडी वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असं ३१ व्या प्रकरणात लिहिलंय. घरचा टोप आपटणाऱ्या प्रत्येकाला मी हे वाक्य सांगतो. उपयोग शून्य.

या नियमानं राहणारा साधू म्हणजे बेनेडिक्टाईन. तो आज्ञापालनाचं व्रत घेतो, जगण्याची रीत पालटत राहण्याचं व्रत घेतो आणि तिसरं व्रत स्थैर्याचं. म्हणजे ज्या मठात व्रत घेतलं, त्याच मठात शेवटपर्यंत राहायचं. हे तिसरं व्रत शहरातल्या माणसाला समजावून सांगायला वेळ लागतो, कोकणात लागत नाही. आपल्या वाडीत दहातली सहा घरं कुलूपबंद असतात, माणसं मुंबईत. एका घरात एखादी काकी राहिलेली असते. ती सांज झाली की दिवा लावते, अंगण झाडते, आणि ती आहे म्हणून मुंबईतल्या पंधरा जणांना 'आमचं गाव' असं म्हणता येतं. मठातली माणसं म्हणजे ती काकी. आपण तिथे चाकरमानी म्हणून जातो.

कोकणातच असा मठ नाही का? वसईच्या किल्ल्यात तर मठांचे अवशेष आहेत.

आहेत, पण ते फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन आणि जेझुइट यांचे. हे सगळे धर्मप्रसारासाठी देशोदेशी फिरणारे संघ. आपले संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन. वसईत जन्मले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातल्या नागासाकीला क्रुसावर गेले. वसई ते नागासाकी, ही फिरत्या संघाची वाट. बेनेडिक्टाईनांची मूळ रीत त्याच्या उलट, एका जागी मूळ धरण्याची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पाद्री निघून गेले, आणि त्या भिंतींवर आता पिंपळ उगवलेत. किल्ल्यात जरूर फिरा. पण पहाटे पाचची घंटा ऐकायची असेल तर गाडी पकडावी लागेल.

मग जायचं कुठे?

आमच्या फेऱ्या तीन ठिकाणी झाल्या. आवडीच्या क्रमानं नाही, प्रश्नांच्या संख्येनुसार सांगतो.

शांतिवनम. तमिळनाडूत कावेरीच्या काठी, कुळित्तलैजवळ तण्णीरपळ्ळी गावात. कुळित्तलै हे तिरुचिरापल्ली–करूर रेल्वेमार्गावरचं स्टेशन. हा आश्रम १९५० साली दोन फ्रेंच माणसांनी सुरू केला: फादर ज्यूल मोंशानँ आणि ब्रिटनी प्रांतातल्या मठातून आलेले बेनेडिक्टाईन साधू आँरी ल सो. दोघांनी कावी वस्त्रं घेतली, संन्याशांची नावं घेतली. ल सो यांचं नाव स्वामी अभिषिक्तानंद. मोंशानँ १९५७ साली वारले. अभिषिक्तानंदांचा ओढा हिमालयाकडे होता, १९६८ साली ते उत्तरेला गेले ते तिकडेच राहिले आणि १९७३ साली इंदूरला वारले. त्यांच्या जागी इंग्रज साधू बीड ग्रिफिथ्स आले आणि १९९३ साली मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. बेनेडिक्टाईनांच्या कामाल्डोलीज शाखेत आश्रम आला तो त्यांच्याच काळात.

इथे मंदिराला गोपुर आहे आणि गाभारा आहे. प्रार्थनेत आरती होते, उपनिषदांतलं वाचन होतं, कपाळाला सकाळी चंदन, दुपारी कुंकू, संध्याकाळी भस्म लावतात. आमच्या पहिल्या फेरीत वसईच्या दोन आजोबांनी हे बघून हात मागे बांधले. 'हे आपलं नाही,' म्हणाले. तिसऱ्या दिवशी एकानं चंदन लावून घेतलं, दुसऱ्यानं शेवटपर्यंत नाही लावलं. कोणी त्यांना काही म्हटलं नाही. माझं मत विचाराल तर मला तिथली संध्याकाळ फार आवडते, पण हा प्रकार पटत नसेल तर ओढूनताणून जाऊ नका.

आशीर्वनम. बंगळुरूजवळ, म्हैसूर रस्त्यावर केंगेरीच्या पुढे. लॅटिन वळणाचा, शिस्तीचा मठ. पहिल्यांदाच जाणाऱ्या कॅथलिक माणसाला इथे सगळं ओळखीचं वाटतं. बंगळुरूलाच बेनेडिक्टाईन भगिनींचा शांतिनिलय मठही आहे.

मक्कियाड. केरळच्या वायनाड जिल्ह्यात, मानंतवाडीच्या बाजूला. १९६२ सालचा मठ, बेनेडिक्टाईनांच्याच सिल्व्हेस्ट्राईन शाखेचा. आपल्याला सोयीचा, कारण कोकण रेल्वेनं बसल्या जागी केरळात पोचता येतं. तलश्शेरी किंवा कोळिकोडला उतरायचं आणि घाट चढायचा. घाट लागला की आपली माणसं खिडकीला नाक लावून बसतात: मिरी, सुपारी, फणस, लाल माती. 'एवढं लांब येऊन आंबोलीच बघितली,' असं वेंगुर्ल्याची एक वहिनी म्हणाली.

वागामोनचं कुरिसुमलाही लोक विचारतात. १९५८ साली फ्रान्सिस महियू आणि वर सांगितलेले बीड ग्रिफिथ्स यांनी मिळून सुरू केलं. ते आज सिस्टर्शियन संघाचं आहे. सिस्टर्शियनही बेनेडिक्टचाच नियम पाळतात, म्हणून इथे लिहिलेलं बरंचसं तिथेही लागू पडेल.

आम्ही ख्रिस्ती नाही. आलं तर चालेल का?

चालेल. आमच्यात दर वेळी दोनतीन जण हिंदू असतात. एका वर्षी तर नेमानं आळंदीला जाणारे एक वारकरी होते आणि पहाटेच्या प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी तेच हजर असायचे.

नियमावलीचं ५३ वं प्रकरण पाहुण्यांवर आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत ख्रिस्त आला असं समजून करावं, असं त्यात म्हटलंय, कारण 'मी परका होतो आणि तुम्ही मला आत घेतलं' हे शुभवर्तमानातलं वचन. पुढे आणखी एक मजेशीर वाक्य आहे: गरीब आणि यात्रेकरू यांची विशेष काळजी घ्या; श्रीमंतांचा मान त्यांच्या धाकानं आपोआपच राखला जातो. सहाव्या शतकातला माणूस आहे, पण सरकारी विश्रामगृहं पाहिल्यासारखा बोलतो.

एकच गोष्ट: मिस्सेत ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांनीच घ्यायचा असतो. इतरांनी रांगेत येऊन छातीवर हात दुमडून उभं राहिलं तर आशीर्वाद मिळतो, किंवा जागेवर शांत बसलं तरी चालतं. हे आधीच माहीत असलं की ऐन वेळी अवघडल्यासारखं होत नाही.

तिथे बघण्यासारखं काय आहे?

फारसं काही नाही. हे मी आधीच सांगतो म्हणजे नंतर माझ्यावर कोणी चिडत नाही. वेलंकणीसारखी गर्दी नाही, दुकानं नाहीत, फेस्ताचा मंडप नाही. झाडं असतात, गाई असतात, एक प्रार्थनामंदिर असतं आणि एक घंटा असते.

मग दिवसभर करायचं काय? दिवस कसा असतो?

हा खरा प्रश्न. मठाची यात्रा म्हणजे मठाचा दिवस जगून बघणं. दर्शन घेऊन तासाभरात निघालेला माणूस तिथे आलाच नव्हता असं मी धरतो.

पहाटे साडेचार-पाचच्या सुमाराला घंटा होते. अंधारातच प्रार्थना सुरू. वेळा मठामठांत थोड्या पुढेमागे असतात, पण सांगाडा तोच: पहाटेची प्रार्थना, मिस्सा, न्याहरी, काम, दुपारची प्रार्थना, जेवण, विसावा, परत काम किंवा वाचन, संध्याकाळची प्रार्थना, जेवण, आणि झोपण्याआधीची शेवटची प्रार्थना. ज्यांना लॉड्स, व्हेस्पर्स, कॉम्प्लिन ही नावं लक्षात राहत नाहीत त्यांना मी काकडआरती, धुपारती, शेजारती म्हणून सांगतो. लगेच कळतं.

या प्रार्थनांचा कणा म्हणजे बायबलमधली १५० स्तोत्रं. बेनेडिक्टनं ती आठवडाभरात एकदा पूर्ण व्हावीत अशी वाटणी केली. वर टोमणाही मारला, की आपले पूर्वज एका दिवसात म्हणायचे, आपण निदान आठवड्यात तरी म्हणू या. म्हणण्याची पद्धत अशी: साधू समोरासमोर दोन बाजूंना बसतात, एक ओळ या बाजूनं, पुढची त्या बाजूनं. सिंधुदुर्गातल्या माणसाला पहिल्या क्षणी डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, आठवते. फक्त इथे कोणी कोणाला हरवायला बसलेलं नसतं. सूर वर जात नाही, पखवाज नाही, बुवा नाही. एका बाजूनं सोडलेला श्वास दुसरी बाजू उचलते. पहिल्या दिवशी कंटाळा येतो, खरंच येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी कधीतरी तुम्ही त्या लयीत नकळत श्वास घ्यायला लागता.

झोपण्याआधीच्या प्रार्थनेसाठी नियमात रोज तीच तीन स्तोत्रं आहेत: ४, ९१ आणि १३४. रोज तीच असल्यानं पाठ होतात, म्हणून दिवा मंद करूनही म्हणता येतात. ९१ वं स्तोत्र रात्रीच्या भयापासून रक्षणाचं. समुद्रावर माणूस गेलेल्या घरात हे स्तोत्र म्हणून बघा.

आणि घंटेबद्दल एक. घंटा ऐकली की हातात जे असेल ते तिथेच टाकून निघावं, असा नियम आहे. पण धावतपळत नाही, गांभीर्यानं. त्यातही दया अशी, की पहाटे उशीर होणाऱ्यांना पोचता यावं म्हणून सुरुवातीचं एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावं असं बेनेडिक्ट सांगतो. झोपाळू माणसांना सबबी फार सुचतात म्हणून उठताना एकमेकांना हळूच उठवत जावं, हेही. आमच्या खोलीत हे काम वर उल्लेख केलेले वारकरी करायचे आणि हळूच करायचे नाहीत.

काम आम्हालाही करावं लागतं का?

सक्ती नसते. पण विचारा. भाजी निवडणं, बाग झाडणं, भांडी घासणं असं काहीतरी मिळतं. 'प्रार्थना आणि काम' हे बेनेडिक्टाईनांचं बोधवाक्य सगळीकडे छापलेलं दिसतं. ते शब्द मूळ नियमावलीत नाहीत, नंतर रूढ झाले. पण आळस हा आत्म्याचा शत्रू आहे हे वाक्य मात्र ४८ व्या प्रकरणाच्या अगदी पहिल्या ओळीत आहे. मक्कियाडला आमच्या बायकांनी एका सकाळी फणसाचे गरे काढून दिले आणि तिथल्या स्वयंपाक्याला आठळ्यांची भाजी शिकवली. एरवी हातवारे करून बोलणारा तो माणूस त्या दिवशी वही घेऊन बसला.

प्रार्थना कुठल्या भाषेत? आम्हाला काही कळेल का?

इंग्रजी, तमिळ, मल्याळम, कन्नड, मठाप्रमाणे. मराठी कुठेच नाही. म्हणून मराठी बायबल बरोबर न्या आणि त्या दिवसाची स्तोत्रं कोणती ते आधी विचारून खोलीत वाचून ठेवा. मग मंदिरात नुसतं ऐकलं तरी आतून मराठी चालू राहतं. एकच सूचना: मोबाईलवरचं बायबल नको. त्याच्यात व्हॉट्सॲपही असतं.

मौन पाळावं लागतं का? बोललं तर रागावतात का?

शेवटच्या प्रार्थनेपासून सकाळपर्यंत पूर्ण मौन. तेवढं पाळाच. बाकी दिवसभर हळू आवाजात कामापुरतं बोलायला हरकत नसते. जेवताना मात्र बऱ्याच मठांत कोणीतरी पुस्तक वाचतं आणि बाकीचे ऐकतात. ही रीत नियमावलीतलीच, ३८ व्या प्रकरणातली. मीठ हवं असेल तर खूण करा. आपण कोकणी माणसं जेवताना एकमेकांना 'घे रे, अजून घे' म्हणतो ते तिथे हातानं म्हणायला शिकावं लागतं.

रागवत कोणी नाही. एका साधूनं आमच्या गप्पा ऐकून फक्त खिडकी लावून घेतली. ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

जेवण कसं असतं? मासे मिळतात का?

हा प्रश्न दर वेळी पहिल्या पाचात असतो आणि विचारणाऱ्याचा आवाज बारीक झालेला असतो.

बेनेडिक्टनं जेवणाला दोन शिजवलेले पदार्थ सांगितले, म्हणजे एक आवडला नाही तर दुसरा खाता येईल. जमलं तर वर फळ किंवा ताजी भाजी. चार पायांच्या जनावराचं मांस आजाऱ्यांशिवाय कोणाला नाही. हे ऐकून माझ्या सासूबाईंच्या बहिणीनं विचारलं, 'माशाक पाय खंय असतत रे?' मावशीचा मुद्दा बिनतोड आहे, आणि युरोपातल्या मठांनी शतकानुशतकं याच मुद्द्यावर मासे खाल्लेत. पण शांतिवनममध्ये जेवण शाकाहारी असतं: भात, सांबार, भाजी, ताक, खाली बसून हातानं. दुसरीकडे काय असेल ते जाण्याआधी विचारून घ्या आणि मनाची तयारी शाकाहाराचीच ठेवा.

पिशवीत सुकट किंवा सुके बोंबील नेऊ नका. हे गमतीनं लिहीत नाही. एकदा कोणीतरी 'तोंडी लावायला' नेले होते आणि रत्नागिरीच्या पुढे अख्ख्या डब्याला कळलं कोणाकडे आहेत. मठात पोचेपर्यंत ती पिशवी कोणाचीच नव्हती.

वाईनबद्दल विचारणारे असतात, म्हणून सांगतो. ४० व्या प्रकरणात बेनेडिक्ट म्हणतो की साधूंनी वाईन पिऊच नये असं वाचलंय, पण आजकालच्या साधूंना हे पटवता येत नाही, तेव्हा निदान थोडीच प्यावी. ही इटलीतली गोष्ट. तुम्हाला पाणी मिळेल.

बायका राहू शकतात का?

पाहुण्यांच्या इमारतीत राहू शकतात, मात्र आधी विचारावं लागतं. साधू राहतात त्या आतल्या भागात बाहेरच्या कोणालाच प्रवेश नसतो, पुरुषांनाही सहसा नाही. फक्त बायकांचा गट असेल तर भगिनींच्या मठात विचारा. बेनेडिक्टची बहीण स्कोलास्तिका. तिचा सण १० फेब्रुवारीला. दोघं वर्षातून एकदा भेटायचे. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, आजची रात्र थांब, बोलत बसू. तो म्हणाला, नियम मोडतो. तिनं हात जोडून डोकं खाली घातलं आणि असा पाऊस कोसळला की त्याला दाराबाहेर पाय टाकता येईना. ही कथा पोप ग्रेगरींनी लिहून ठेवलीय आणि पुढे म्हटलंय की तिचं प्रेम मोठं होतं म्हणून तिचं चाललं. जुलैत कोकणात ही गोष्ट सांगितली की बायका भाऊरायांची नावं घेऊन हसतात.

आधी कळवावं लागतं का?

पत्र, ईमेल किंवा फोन, पण कळवाच. किती जण, किती दिवस, पोचण्याची वेळ. हे मी अनुभवानं सांगतो. एका वर्षी आमची भाड्याची गाडी घाटात रस्ता चुकली, फोनला रेंज नव्हती, आणि रात्री साडेनऊला आम्ही अकरा माणसं बंद दारासमोर. मौन सुरू झालेलं. घंटा वाजवायची हिंमत कोणाला होईना. शेवटी एका लहान मुलानं वाजवली.

एका म्हाताऱ्या ब्रदरनी दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि आम्हाला आत घेतलं. झाकून ठेवलेला भात होता, रसम होतं. एक शब्द न बोलता त्यांनी वाढलं. नंतर मी नियमावली पुन्हा चाळली तेव्हा ६६ वं प्रकरण सापडलं: दारावर एक समजूतदार म्हातारा ठेवावा, ज्याचं वय त्याला इकडेतिकडे फिरू देणार नाही, आणि कोणी दार वाजवलं की त्यानं आधी 'देवाचे आभार' म्हणावं. आमच्या वेळी ते मनात म्हटलं असावं.

खर्च किती येतो? खोलीचं भाडं काय?

मठ म्हणजे लॉज नव्हे, त्यामुळे अनेक ठिकाणी दरपत्रक नसतं, देणगी ठेवायची असते. कुठे ठरावीक रक्कम सांगतात. न सांगितल्यास आमचा हिशोब सोपा: तेवढ्या दिवसांत साध्या लॉजमध्ये आणि खाणावळीत जेवढे गेले असते तेवढे पाकिटात. ज्याला जमत नाही त्यानं कमी ठेवावे. पाकीट कोणी उघडून बघत नाही. ज्याला जमतं आणि तरी जो शंभराची नोट ठेवतो, त्याला मी पुढच्या वर्षी बोलावत नाही.

नवस बोलता येतो का?

देवाशी तुम्ही काय बोलायचं ते मी कोण सांगणार? पण नवस फेडायचं ठिकाण म्हणून मठ नसतो. मेणाचे हातपाय वाहायची सोय नाही. गाऱ्हाणं घालायचं असेल तर एक गोष्ट करता येते: तुमची विनंती कागदावर लिहून द्या किंवा ब्रदरना सांगा, ते सामुदायिक प्रार्थनेत तिचा उल्लेख करतात. आमच्या गटातल्या एकीच्या मुलाच्या बोटीचा तीन दिवस पत्ता नव्हता. तिचं नाव, मुलाचं नाव, बोटीचं नाव, सगळं त्या संध्याकाळी तमिळ उच्चारांत वाचलं गेलं. बोट दुसऱ्या दिवशी देवगडला लागली. मी यातून काही सिद्ध करत नाही. ती बाई मात्र दर वर्षी येते.

संत बेनेडिक्टचं मेडल घरात ठेवतात, गाडीत लावतात. त्यावरची अक्षरं कसली?

मागच्या बाजूच्या क्रुसावर आणि कडेनं लॅटिन शब्दांची आद्याक्षरं असतात. क्रुसावरच्या अक्षरांचा अर्थ: पवित्र क्रूस माझा प्रकाश होवो, सैतान माझा वाटाड्या न होवो. कडेच्या अक्षरांचा अर्थ साधारण असा: सैताना, मागे हो, तुझी आमिषं नकोत, तू देतोस ते विष आहे, तूच पी. पुढच्या बाजूला संताजवळ फुटलेला पेला आणि कावळा. एका मठातल्या साधूंनी बेनेडिक्टची शिस्त सहन न होऊन त्याला विषारी वाईन दिली, त्यानं क्रुसाची खूण करताच पेला फुटला. दुसऱ्या वेळी विषारी पाव कावळ्यानं उचलून नेला, अशा त्या कथा. आज सर्रास दिसणारा नमुना १८८० सालचा, त्याच्या जन्माला १४०० वर्षं झाली तेव्हाचा.

मेडल आशीर्वाद देऊन मिळतं. ते ताईत नाही, हे कुठलाही फादर सांगेल. गाडीत लावलंत तरी आंबा घाटात हॉर्न वाजवा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पवित्र आठवड्यात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात, मठ भरलेले असतात. बेनेडिक्टचा सण ११ जुलैला, पण तेव्हा वायनाडचा पाऊस आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक दोन्ही सोसावं लागतं. गणपतीच्या मागेपुढे कोकण रेल्वेचं नावच काढू नका. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नेत्रावती आणि मंगला या दोन्ही गाड्या रत्नागिरीला थांबतात. सिंधुदुर्गवाल्यांनी आपापलं स्टेशन वेळापत्रकात बघून घ्यावं.

कपडे, सामान, मुलं?

खांदे आणि गुडघे झाकणारे साधे कपडे, चादर, टॉर्च, ओडोमॉस, पाण्याची बाटली. आवाज करणाऱ्या चपला नकोत. पाच वर्षांखालची मुलं आणू नका, त्यांचे हाल होतात. दहाबारा वर्षांची मुलं मात्र मोठ्यांपेक्षा लवकर रुळतात.

इटलीला जाऊन मूळ मठ बघायचा असेल तर?

रोमहून रेल्वेनं कासिनो गावी, तिथून बसनं वर डोंगरावर. मुख्य वेदीखाली बेनेडिक्ट आणि स्कोलास्तिका यांची समाधी आहे. इमारत जुनी वाटते पण दुसऱ्या महायुद्धात, १५ फेब्रुवारी १९४४ रोजी, मित्रराष्ट्रांच्या विमानांनी मठ बेचिराख केला होता. नंतर होता तसाच पुन्हा बांधला आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी त्याचं पुनर्अभिषेचन केलं.

वर जाल तेव्हा गावाजवळची युद्धस्मशानभूमी चुकवू नका. तिथल्या स्मारकावर इटलीच्या मोहिमेत पडलेल्या आणि ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,००० हून अधिक सैनिकांची नावं कोरलीत. त्यात एक नाव नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगावजवळच्या पळसगावचा, मराठा लाईट इन्फन्ट्रीचा जवान. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, तुकडीतले बाकीचे पडल्यावर, त्यानं एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर धाव घेतली, ते जिंकलं आणि तिथेच गोळ्या लागून तो पडला. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आमच्यातले जे दोघे इटलीला जाऊन आले त्यांनी मठात बेनेडिक्टच्या समाधीपुढे एक मेणबत्ती लावली आणि खाली येऊन त्या नावापुढे कोकणातून नेलेली सुरंगीची सुकलेली वेणी ठेवली. मला विचाराल तर ती यात्रा तिथे पुरी झाली.

साधूंशी बोलता येतं का? काय विचारावं?

पाहुण्यांची व्यवस्था बघणाऱ्या फादरना वेळ विचारा. पापनिवेदन करायचं असेल तरी त्यांनाच सांगा. 'तुम्ही इथे का आलात?' हा प्रश्न सगळे विचारतात आणि त्याचं उत्तर त्यांचं पाठ झालेलं असतं. 'तुम्ही इथे का राहिलात?' असं विचारून बघा. मी एकदा विचारलं तेव्हा उत्तर यायला बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, 'नारळ लावले होते. ते धरेपर्यंत थांबू म्हटलं.'

निघताना काही रीत आहे का?

चादर घडी करून ठेवा, खोली झाडा, बादली उपडी करा, नळ बघा. आमच्यामागून दुसरा पाहुणा येणार असतो आणि झाडायला साधूलाच यावं लागतं. चावी दारावरच्या ब्रदरच्या हातात द्या, टेबलावर ठेवून जाऊ नका. आणि गाडीची वेळ शेवटच्या प्रार्थनेच्या वेळेला चिकटवून ठरवू नका. घंटा झाली आणि आपण बॅगा ओढत निघालो, असं एकदा झालंय. आतून स्तोत्र सुरू झालेलं आणि आमच्या बॅगांची चाकं फरशीवर खडखडत होती. तेव्हापासून आम्ही बॅगा उचलून नेतो.